तुडतुड्याचं सुतक

माझे बाबा पिऊन पडले असं गावाने ठरवलं, तेव्हा कलमांवरचं दवही सुकलेलं नव्हतं.

बाबा आंब्याच्या बागांत औषध मारतात. मोहोराच्या दिवसांत बागायतदाराचा पंप खाली धडधडत असतो, पिंपात ढवळलेलं औषध पाईपातून वर चढतं आणि पाईपाच्या टोकाची गन धरून एक माणूस झाडावर उभा असतो. तो माणूस म्हणजे बाबा. जुनी, उंच कलमं आहेत. खालून मारलं तर शेंड्याच्या मोहोरापर्यंत पोचत नाही, म्हणून चढायचं. चढून वरच्या दिशेला मारायचं आणि मारलेलं सगळं परत आपल्याच डोक्यावर घ्यायचं. तोंडाला रुमाल बांधतात. रुमाल थोड्या वेळात ओला होतो, मग त्याच ओल्या रुमालातून श्वास. हे मी एकदा पत्रकात लिहिलं, तर पंप सांभाळणाऱ्या माणसाने मला विचारलं, "मगे काय छत्री घेवन चढूचा?" आणि स्वतःच खो खो हसला.

त्या सकाळी बाबा झाडावरून उतरले आणि बुंध्यालाच बसले. उठायला गेले तर पाय वाकडे पडायला लागले. अंगातून घामाच्या धारा, तोंडातून लाळ, बोलणं जड. डोळे उघडे होते, पण समोरचं दिसत नव्हतं. पंपवाल्याने बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "सकाळीच लावन इलो, दिसता."

बाबा घरी पोचायच्या आधी हे वाक्य तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर पोचलं होतं. दुपारपर्यंत त्याला जोडीदारही मिळाला. कोणीतरी म्हणालं, "बागेतल्या राखणदाराक औंदा गाऱ्हाणा नीट घातलेला नाय, तेचा ह्या." म्हणजे एक तर दारू, नाहीतर देव. आमच्याकडे गडीमाणूस पडायला ही दोनच कारणं चालतात. तिसरं कारण पिंपात होतं, पण त्याला आम्ही औषध म्हणतो. औषधाने कोण पडतं?

मी घरीच होते. मिठबावपासून फार लांब नाही आमचं गाव, खाडीच्या काठी. मी बायोकेमिस्ट्री शिकले, परत आले आणि आता काय करते, तर पत्रकं वाटते. असं आमच्याकडे लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. आम्ही चारपाच जण आहोत. खाडीत टाकला जाणारा कचरा, कांदळवन तोडणं, फवारणी, जे दिसेल त्यावर एक पानाचं पत्रक काढायचं आणि मच्छी मार्केटात, एसटी स्टँडवर, सलूनमध्ये नेऊन ठेवायचं. पहिल्या ओळीत भांडण आणि शेवटच्या ओळीत मागणी, एवढंच आमचं साहित्यशास्त्र.

मी रिक्षा बोलावली, वाटेत बागेतली औषधाची बाटली उचलली आणि बाबांना दवाखान्यात नेलं. सोबत आलेले सगळे डॉक्टरांना सांगत होते की जरा जास्त झालीय. मी बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. दारूने तसं होत नाही. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं, कपडे काढून अंग धुवायला लावलं आणि इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत बाबांना माणसं ओळखू यायला लागली. तोंडाला कोरड पडली होती, पण जीव वाचला. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आता पुढे जे लिहिते आहे ते उपकार मानूनच लिहिते आहे.

रक्त तपासायला पाठवलं होतं. कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमची तपासणी. रिपोर्ट आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं: मर्यादेत. खालच्या हद्दीला चिकटलेला आकडा होता, पण हद्दीच्या आत.

"म्हणजे नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "मर्यादेपेक्षा खाली असता तर मी म्हटलं असतं."

"पण डॉक्टर, यांचा नेहमीचा आकडा किती होता ते कुठे माहीत आहे? वरच्या हद्दीला असेल तर निम्म्याने पडलाय."

"असेल. पण आधीचा रिपोर्ट नाही ना. आणि हे लिव्हरमध्ये तयार होतं. घेतात का ते?"

झालं. लिव्हर. दरवाजात उभ्या असलेल्यांना तेवढा एकच शब्द ऐकू आला. मी हट्टाने लिव्हरच्या बाकीच्या तपासण्या करायला लावल्या, त्या ठीक आल्या. त्यांची बातमी कोणी तिठ्यावर नेली नाही.

बाबा घेत नाहीत असं मी म्हणणार नाही. शिमग्यात घेतात. कोणाच्या घरचं लग्न असलं तर घेतात. पण कलमावर पिऊन चढणारा माणूस नाही तो. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि तरी सगळ्या गावाने मान डोलावली. बागायतदार घरी येऊन अंगणातल्या खळ्यात उभ्याउभ्याच म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आसा मा? मगे दुसऱ्या फवारणीक येवा. आणि जरा सांभाळून." ते 'जरा सांभाळून' आईला असं लागलं की तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता ते एन्झाइम काय असतं ते सांगते. पत्रकात जागा कमी पडते म्हणून मला दरवेळी चार वाक्यांत उरकावं लागतं. इथे नाही उरकणार.

एका नसेने पुढच्या नसेला किंवा स्नायूला निरोप द्यायचा असेल, तर ती मधल्या फटीत एक रसायन सोडते. निरोप पोचला की ते रसायन लगेच तोडावं लागतं, नाहीतर निरोप वाजतच राहतो. घाम ये, लाळ ये, स्नायू आवळ, आवळ, आवळ. तोडण्याचं काम करणारी कात्री म्हणजे हे एन्झाइम. तुडतुड्यावर, मोहोराचा रस शोषणाऱ्या किड्यावर, मारायचं ते विष या कात्रीच्या पात्यातच जाऊन अडकतं. कात्री मिटत नाही. तुडतुडा थरथरतो आणि मरतो.

कॉलेजात शेवटच्या वर्षी मी या कात्रीवर काम केलं होतं. प्रयोगशाळेत फारसं काही नव्हतं, पण संगणक होता. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेली एक लांबलचक ओळ. माणसाची ओळ घेतली, तिच्याखाली माशाची ठेवली, तिच्याखाली डासाची, माशीची. मग सरकवत सरकवत बसवायच्या. अक्षरं बदललेली असतात, कुठे तुकडा गळलेला असतो, कुठे नवा घुसलेला असतो. आणि मध्येच एक स्तंभ असा येतो की वरपासून खालपर्यंत एकच अक्षर. कोणीच बदललेलं नाही. नेमकी तिथेच कात्रीची पाती आहेत, आणि विष अडकतं तेही तिथेच. मी त्या पडद्यासमोर किती वेळ बसले होते ते आठवत नाही. चहा गार झाला होता एवढं आठवतं.

जगात प्रथिनांची अशी मोठमोठी कुळं आहेत. त्यांची घडी एकच असते. धंदे वेगवेगळे. या आमच्या कात्रीच्या कुळात एक आतड्यात बसून माशातली चरबी पचवतो. एक नसेच्या फटीत बसतो. त्याचाच पाठचा भाऊ रक्तात फिरतो आणि आलेलं विष अंगावर घेतो. रक्त तपासून मोजतात तो हाच. एकाने तर कात्री टाकूनच दिली आहे, पाती गमावली, आता नुसता दोन नसांचे हात धरून ठेवायचं काम करतो. पण घडी तीच. मूळ एक. केव्हातरी एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या, एकीने जुना धंदा चालू ठेवला, दुसरीला मोकळीक मिळाली, ती चुकत माकत नवं काही शिकली. असं पुन्हा पुन्हा झालं.

हे सगळं मला येत होतं. पण तिठ्यावर सांगायचं कसं, ते येत नव्हतं.

ते मला एका मरणाने शिकवलं. बाबा घरी पडून होते त्याच आठवड्यात आंबोलीच्या खालच्या अंगाच्या एका गावाहून फोन आला. तिथे एक म्हातारे गेले. आम्ही त्यांना कधी बघितलेलं नाही. त्यांचं आडनाव वेगळं. आमच्याकडे लग्नाला ते येत नाहीत, आम्ही जात नाही. आणि आईने फोन ठेवल्या ठेवल्या नुकते घेतलेले बांगडे शेजारी देऊन टाकले, चूल विझवली आणि देवाचा दिवा बंद केला. सुतक.

"आये, आपले कोण ते?"

"मूळ एक. तेंका आमचा लागता, आमका तेंचा लागता."

"पण आडनाव?"

"आडनाव काय गो, धंद्याचा पडता, गावाचा पडता. मूळ देव एक आसा. तां कोणी बदलूक नाय."

बाबा खाटेवरून म्हणाले, "तेंची एक शाखा रेडी बंदराक होडयेर होती म्हणतत. एक खंय गोव्यात गेली. आमी हंय कलमांर चढतो. पण बातमी इली की सगळ्यांच्या चुली सारख्याच थंड."

मी उठून बसले. घर बदललं, आडनाव बदललं, धंदा बदलला, आणि एक जागा अशी आहे की तिला कोणी हात लावलेला नाही. त्या जागेवरून नातं ओळखायचं. आणि तिकडे मरण आलं की इकडे चूल थांबते. आमच्या गावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही हे पाळतो. पिढ्यान् पिढ्या बिनचूक पाळतो आणि पिंपातलं औषध ढवळताना तेवढं विसरतो.

पत्रक मी त्याच बैठकीत लिहिलं. नाव दिलं: तुडतुड्याचं सुतक आपल्याला लागतं.

त्यात लिहिलं होतं की तुडतुड्याच्या नसेतलं एन्झाइम आणि आपल्या नसेतलं एन्झाइम एका मुळाचे भाऊबंद आहेत. विषाला आडनाव वाचता येत नाही. पंप व्हाळाच्या वाहत्या पाण्यात धुतला की खाडीतली सुंगटं, म्हणजे कोळंबी, मरतात, कारण सुंगटं तर तुडतुड्याची जवळची भावकी. आपण जरा लांबची. लांबची म्हणजे उशिराने आणि जास्त डोसाने, एवढाच फरक. आणि पुढे लिहिलं होतं की दरवर्षी विक्रेता डोस का वाढवायला सांगतो? कारण काही किड्यांत याच कुळातला दुसरा एक भाऊ पुढे येतो, त्याच्या ढीगभर प्रती तयार होतात, किंवा त्याचं एखादं अक्षर बदलतं, आणि तो विष अडवतो नाहीतर तोडून टाकतो. किड्यांच्या पिढ्या भराभर होतात, त्यांना बदलायला वेळ मिळतो. तुडतुड्याची भावकी अशी धावून येते. झाडाखाली पडलेल्या माणसाची भावकी काय करते? म्हणते, सकाळीच लावन इलो.

मागणी: मोहोराआधी प्रत्येक फवारणीवाल्याचं रक्त तपासा. मग हंगामात पुन्हा तपासा. त्याची तुलना पुस्तकातल्या मर्यादेशी नको, त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी करा. खाली गेला की गन खाली.

बाबांना मी एकच सांगितलं होतं की शिमगा होईपर्यंत बागेत पाऊल टाकायचं नाही. रक्तातला भाऊ परत भरून येतो, काही आठवडे लागतात. भरून आला तर कळेल की मुळात किती होता. बाबांचा स्वभाव कोणाशी तंटा करायचा नाही. हंगामात घरी बसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आजारी नसताना अंथरूण धरणं. ते म्हणाले, "आणि नाय भरलो तर?"

"तर मी पत्रक फाडून टाकीन."

"फाडू नको. कोरी बाजू लिवक कामाक येता," म्हणाले. पण घरी बसले.

पत्रक मार्केटात पोचलं आणि आरडाओरडा सुरू झाला. विषाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लोक भडकले ते भावकीवरून. माणसाला किड्याच्या भावकीत बसवलं! आम्ही सुतकात होतो म्हणून देवळात बोलावता येईना, नाहीतर दुसऱ्याच दिवशी बोलावलं असतं. सुतक फिटलं आणि निरोप आला.

मंडपात मानकरी बसले होते, बागायतदार होता, पंपवाला होता, आणि मासे विकून परतलेल्या चारपाच बायका खांबाला टेकून उभ्या होत्या. बाबा एका कोपऱ्यात. मला मध्ये उभं केलं.

एका मानकऱ्याने पत्रक हलवलं. "गो, ह्या काय लिवलंस? शिकान शिकान ह्याच शिकलंस?"

"खरा लिवलंय, आजोबानु."

"खरा! म्हणजे तुडतुडो तुझो चुलतो?"

पंपवाला याचीच वाट बघत होता. "मगे जमिनीत वाटणी देवची लागतली तेका! सातबाऱ्यार नाव चढवया!"

"लग्नाची पत्रिका पण धाडूक होयी," दुसरा कोणीतरी म्हणाला. मंडप हसला. एक मासेवालीही हसली, मग माझ्याकडे बघून तिने पदर तोंडाला लावला.

मी म्हटलं, "वाटणी नको तेका. पण तेका मारूक जां घालतास, तां तुमच्या नाकातसून जाता. माझ्या बापसाच्या अंगार पडता तां. तेचा काय ता सांगा."

"तुझ्या बापसाचो रिपोर्ट नॉर्मल आसा," बागायतदार म्हणाला. "मी पण तेच हातान ढवळतंय. माका काय झाला?"

"मगे तुमचा पण रगात देवा. बघूया."

त्याने विषय निवाड्यावर नेला. रक्त त्याने आजवर दिलेलं नाही. हे वाचत असला तर अजूनही देता येईल.

निवाडा असा झाला की मी देवाकडे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि विषय संपवायचा. गाऱ्हाणं घालणारा म्हातारा गावातला सगळ्यात खड्या आवाजाचा माणूस. नारळ पुढे ठेवून त्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आज ह्या तुझ्या लेकरान अजाणतेपणी जां काय लिवला आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात जर काय खोटा, वाकडा, गावाक कमीपणा येय असा आसात..."

"नाय म्हाराजा!"

हे मी म्हणाले. मोठ्याने. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणायची पद्धतच नाही. म्हाताऱ्याचा हात वरच राहिला. पुढचं वाक्य त्याला सुचेना, कारण पुढचं वाक्य 'व्हय' वर उभं असतं. मी पुन्हा म्हटलं, "खोटा नाय, म्हाराजा. वाकडा नाय. देवा, तुका सगळा ठावक आसा, मगे ह्यांका कळू दे."

माझं लक्ष कोपऱ्यात होतं. पहिल्या दोन वेळा सगळ्यांबरोबर बाबांनीही 'व्हय' म्हटलं होतं, सवयीने. आता ते गप्प होते आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते, की घरचा कर्ता माणूस आहे, मुलीला बसवेल. ते उठले, चपला कुठे आहेत ते बघायला लागले आणि म्हणाले, "चल गो."

गुरवाचा प्रश्न वेगळाच होता. "अरे, ह्या नारळाचा काय करूचा? गाऱ्हाणा पुरा झाला नाय, फोडू कसो?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. असं कधी घडलंच नव्हतं. शेवटी त्याने तो माझ्याच हातात दिला.

घराच्या वाटेवर बाबा माझ्या पुढे चालत होते. मग म्हणाले, "गाऱ्हाण्यात कोण नाय म्हणता गो?"

"मी."

"आवशीच्या वळणार गेलंस."

आवशीने, म्हणजे आईने, नारळ हातात घेऊन कानाशी हलवला, पाणी भरपूर आहे म्हणाली, आणि त्याचं माशाच्या कढीत वाटण घातलं. आम्ही तिघांनी पोटभर भात खाल्ला.

नंतरचे दिवस वाईट गेले. तेही लिहायला हवं, नाहीतर देवळातला पराक्रम सांगून मी पळाले असं होईल. बाबांना बागेतून बोलावणं बंद झालं, ते ठीक, त्यांनी जायचंच नव्हतं. पण मार्केटात माझं पत्रक कोणी हातात घेईना. आमच्यातल्याच एकाने मला सुचवलं की सुतक हा शब्द काढू, 'जैविक साम्य' लिहू. मी म्हटलं, जैविक साम्य वाचून कोणी चूल बंद करतं का? तो शब्द राहिला. बाबा खळ्यात बसून जुनी जाळी शिवत होते, जाळं आमचं नव्हतं, शेजाऱ्याचं होतं. समोरच्या रस्त्याने जाणारा येणारा विचारायचा, "काय, आज घरीच?" आणि बाबा म्हणायचे, "घरीच." त्यांचे हात आधी थरथरत होते. सुईत दोरा ओवायला ते आईला बोलवायचे. मग एके दिवशी त्यांनी स्वतः ओवला. कोणाला सांगितलं नाही, पण मी बघितलं.

शिमगा आला. रोंबाटाची मिरवणूक निघाली, ढोल वाजले, बाबा त्यात नाचले आणि घेतलीही. बेताने घेतली नाही, चांगली घेतली. मी डोक्याला हात लावला. आता आकडा खाली आला तर लिव्हर, लिव्हर, लिव्हर! आई म्हणाली, "घेव देत. वर्सातसून एकदा."

शिमगा आटोपल्यावर आम्ही त्याच लॅबमध्ये गेलो. तेच मशीन, तीच तपासणी. आकडा वर गेला होता. थोडाथोडका नाही, चांगला वर, मर्यादेच्या वरच्या अंगाला. म्हणजे हा बाबांचा खरा आकडा. म्हणजे त्या सकाळी 'नॉर्मल' लिहून आलं होतं तेव्हा त्यांच्या रक्तातला तो भाऊ निम्मा कामातून गेला होता.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान हलवली. "तुमचं बरोबर होतं. यांना यांच्याशीच ताडायला हवं होतं."

मी तिठ्यावर गेले आणि सलूनमध्ये, जिथे सगळे असतात, मोठ्याने सांगितलं, "माझे बापूस शिमग्यात पिले. तुमी सगळ्यांनी बघितलास. आणि आकडो वाढलो. मगे काय, दारून वाढलो? तसा आसात तर सगळ्या फवारणीवाल्यांका दारू पाजूया!" न्हावी हसला. बाकी कोणी हसलं नाही, पण कोणी लिव्हरही म्हटलं नाही.

आणि मग जे झालं त्याने मला देवळापेक्षा जास्त राग आला. बागायतदार संध्याकाळी खळ्यात हजर. चेहऱ्यावर आनंद. "बरो झालास मा? ऐकलंय मी. आकडो एकदम फस क्लास! मगे फाल्यापासून येवा. कैरी धरली हा, एक फवारणी काढूक होयी."

म्हणजे रक्तात भाऊ परत भरला तो कशासाठी? पुन्हा मारायला मिळावा म्हणून. मी तोंड उघडलं, पण बाबांनी हाताने थांबवलं. जाळं बाजूला ठेवलं.

"मालकानु, येतंय. पण औंदा नाय. फुडच्या वर्सा मोहोर येवच्या आधी रगात देतलंय. मगे मधी एकदा. खाली इला की त्या दिसापासून गन धरूचंय नाय. आणि पंप व्हाळात धुवचो नाय."

"डॉक्टर झालंस काय रे?"

"नाय. पण रगात माझा आसा."

"गनीक माणूस काय तू एकटोच आसस?"

"नाय. म्हणान तर सांगतंय," बाबा म्हणाले. "मी मेल्यार तुमका दुसरो गावतलो. तो मेल्यार तिसरो."

बागायतदार गेला. दुसऱ्या दिवशी पंप कोणा नव्या माणसाकडे दिला आणि गन घेऊन झाडावर चढला तो आमचा विनोदी पंपवालाच. मी रस्त्यावरून बघितलं, तोंडाला रुमाल बांधून तो फांद्यांत उभा होता. ओरडून काहीतरी टोमणा मारावासा वाटला. मारला नाही. तो वरून माझ्याकडे बघत नव्हता, त्याला शेंडा दिसत होता फक्त.

दोन दिवसांनी सकाळी मी आवारात कपडे वाळत घालत होते तर तो कुंपणाच्या दगडी गडग्याला धरून उभा. शर्ट घामाने चिकटलेला, डोळे बारीक केलेले. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"गो... बापूस आसा?"

"आसत. काय झाला?"

"काय नाय. जरा धुकटाळ दिसता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तां रगात खंय काढतत?"

बाबा आतून आले. त्याच्याकडे बघितलं आणि काही विचारलंच नाही. "शर्ट काड. पॅन्ट काड. पयली आंघोळ," म्हणाले आणि बावडीत कळशी सोडली. मला म्हणाले, "साबण आण. आणि रिक्षाक फोन कर." मी धावले. परत आले तोवर तो बावडीच्या कठड्याला टेकून उघडा बसला होता आणि बाबा त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होते, मान चोळत होते, जशी लहान मुलाची चोळतात.

रस्त्यावरून मार्केटला निघालेला एक जण थबकला. त्याने डोलणारा माणूस बघितला, बाबांना बघितलं आणि ओरडला, "काय रे, सकाळीच?"

बाबांनी कळशी खाली ठेवली. मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं.

"व्हय, सकाळीच! हंय ये आणि वास घे तेच्या तोंडाचो! ये! बघ काय पिलो हा तो, आणि मगे जावन तिठ्यार सांग!"

तो माणूस रस्त्यावरच उभा राहिला. मग हातातली पिशवी गडग्यावर ठेवून, जरा बिचकत, आत आला. बाबांनी दुसरी कळशी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ओत."